वकीलबाईची गरम अंडी

माझ्या लाडक्या धाकटीला थोरलीचे दोन्ही हातांनी आशीर्वाद. (एका हातात पेन आहे, तेव्हा तूर्त एकाच हाताचे घे. दुसऱ्याचे पत्र संपल्यावर देते.)

तुझी कंबर काय म्हणते? आणि त्या दुखऱ्या दाढेचं काय केलंस? काढून टाक बाई एकदाची. हट्टी भाडेकरूसारखी तोंडात ठाण मांडून बसलीय, ना कामाची ना धामाची. माझं म्हणशील तर झकास आहे. गुडघा उठताना बोलतो, बसताना बोलतो, मधल्या वेळात गप्प असतो. घरात दुसरं बोलायला कुणी नाही, तेव्हा तेवढीच सोबत. माझ्या अक्षराला हसू नकोस. शाळेत बाई म्हणायच्या, हे अक्षर आहे की कोंबडीचे पाय. तेव्हा राग यायचा. आता घरात कोंबड्या आल्यावर नीट निरखून पाहिलं, तर चिखलात त्यांचे पाय किती सुबक उमटतात! बाईंनी उगाच कोंबड्यांना नावं ठेवली.

तुझं पत्र पोचलं. वाचून हसू आलं. अगं, अक्षर तुझं आणि शब्द माझ्या लेकाचे! 'या वयात सुरक्षितता महत्त्वाची' असं तू जन्मात कधी म्हणालीस का? तू झाडाच्या शेंड्यावर चढून मला खाली उभं करून घाबरवणारी पोर. त्यानेच तुला फोन केला असणार, की मावशी, आईला समजाव, घराला कुलूप लाव आणि माझ्याकडे चौथ्या मजल्यावर राहायला ये म्हणावं. आणि तू बिचारी बसलीस लिहायला. लिफ्ट आहे, नळाला गरम पाणी आहे, आयतं ताट हातात येतं, सगळं लिहिलंस. पण अगदी शेवटी, कागद संपत आल्यावर, बारीक अक्षरात लिहिलंस की इकडे माझे लेक-सून कामावर गेले की दुपारी मी समोरच्या इमारतीत कुणाचे कपडे वाळत घातलेत ते बघत बसते. ती ओळ तुझी. ती मी दोनदा वाचली. तिच्याकडे वळणारच आहे, पण आधी कोंबड्यांचं सांगते.

कोंबड्यांचं सांगायचं तर टोमॅटोपासून धरावं लागेल. झालं असं, की बाजारातून येताना पिशवीचा बंद तुटला, टोमॅटो रस्त्यावर घरंगळले आणि ते गोळा करायला मी खाली बसले. नीट वाच. बसले. पडले नाही. पडले ते टोमॅटो. आता बसल्यावर गुडघ्याने उठायला साफ नकार दिला ही गोष्ट वेगळी. मी हात टेकला तो नेमका एका पिकल्या टोमॅटोवर. झालं! माझा लाल हात बघून एक सज्जन 'रक्त, रक्त' म्हणून ओरडले. शहाण्या माणसाने जरा वास तरी घेऊन बघावा की नाही? पण लोक जमले, मला उचलून बाकावर ठेवलं (पापडाच्या डब्यासारखं), आणि एकीने माझ्याच फोनवरून लेकाला कळवलं की तुमच्या आई रस्त्यात पडल्यात. तो बायकोला घेऊन धावत आला. तोवर मी घरी येऊन ते चेचलेले टोमॅटो रागारागाने न्हाणीघरामागे भिरकावून दिले होते आणि चहा टाकला होता.

लेक म्हणाला, बास झालं. बाजार लांब, पिशवी जड, तुझा गुडघा हा असा. उद्या खरंच पडलीस तर? तुला भाजी, अंडी कोण आणून देणार? आता चल. सून म्हणाली, चला ना आई. सून फार चांगली आहे गं, तोच तर घोळ आहे. वाईट असती तर नको म्हणायला किती सोपं गेलं असतं! तिच्याकडे गेले की ती हातातला कप काढून घेते आणि म्हणते, तुम्ही बसा. मी बसते. मग जरा वेळाने पुन्हा बसते. दोन-चार दिवसांत माझी अशी घडी पडते, की पाणी शिंपडून कडक इस्त्री फिरवली तरी मोडायची नाही. आणि घडीतलं मला सांगू नये कुणी. ह्यांच्याबरोबर उभा जन्म इस्त्रीच्या दुकानात काढलाय.

तर मी काय केलं, उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हटलं, मला बाजारात जायचंच नाही. परसात भाजी लावीन, कोंबड्या पाळीन, बाजारच माझ्या मागच्या दारी येऊन उभा राहील. लेक हसला. ते हसणं मला लागलं. मग त्यानेच ठरवून टाकलं, की भाजी तयार झाली की मला जेवायला बोलाव. ताटात भाजी हवी, अंडं हवं, आणि जे येईल ते या परसातलंच हवं. मीठ, तेल, पीठ माफ. जमलं तर तू इथेच राहा, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर त्याच संध्याकाळी पेटी भरायची आणि घराला कुलूप. (सून लगेच म्हणाली, मग साखरही माफ करा. सांगितलं ना, चांगली आहे.) मी म्हटलं, मान्य. आणि ते गेल्यावर मागच्या पायरीवर बसून घाबरले. कारण धाकटे, मला तुळतुळीत शर्ट माहीत, भाजी उगवते कशी ते ठाऊक नाही.

भाजीचं असं झालं. बियांच्या पाकिटावर चित्रं होती, ती बघून मी माती खणली, वाफे केले, त्यात ओळी ओढल्या आणि बी टाकलं. तिथपर्यंत ठीक. पण मग लांबून बघितलं तर सगळ्या वाफ्यावर सुरकुत्याच सुरकुत्या! सुरकुती दिसली की माझे हात शिवशिवतात. मी फळकुट घेतलं, इस्त्रीवर टाकायची ती जुनी पाण्याची बाटली घेतली, आणि फवारा मार, दाब, फवारा मार, दाब, असं करत वाफे असे सपाट केले की वरून मुंगी चालली तर तिचा पाय घसरावा. कडा आत खोचल्या. चादर घातलेली खाटच जणू. रोज सकाळी बघायची, काही नाही. परत दाबायची. शेजारचे कंडक्टर भाऊजी (बसवर कंडक्टर होते, आता घरी असतात आणि बायकोला तिकीट मागतात) भिंतीवरून डोकावून म्हणाले, बाई, आत कोण पुरलंय? मी म्हटलं, पालक. ते म्हणाले, तो पालक आहे की कैदी? जरा पुढे सरकायला जागा ठेवा त्याला. मला इतका राग आला की मी त्यांच्याशी दुपारपर्यंत बोलले नाही. (त्यांच्याशी भिंतीवरून रोज भांडण असतंच. त्यावरच आमची दोघांची तब्येत टिकून आहे.) मग गुपचूप माती उकरून सैल केली. पालक तोवर गुदमरून गेला होता, पण मुळा आला. मुळा आणि दुधी. दुधी तर असा सुटला की विचारू नकोस. न्हाणीघर चढला, कपड्यांची दोरी चढला, भिंत ओलांडून भाऊजींच्या खिडकीत शिरला.

आणि टोमॅटो? वाफ्यातला एकही आला नाही. मी कपाळाला हात लावून बसले होते, तर एक दिवस न्हाणीघरामागे केरसुणी आणायला गेले आणि बघते तो काय, तिथे टोमॅटोचं रान! भिरकावलेले ते चेचलेले टोमॅटो, ज्यांनी माझी बदनामी केली तेच, अंघोळीच्या पाण्यावर गुपचूप वाढून फळाला आले होते. कुणी दाबलं नाही, कुणी खोचलं नाही. मी वरमले गं जरा. मग दोन तोडून खाल्ले आणि सावरले.

आता कोंबड्या. तीन आणल्या. दुकानातलं इस्त्रीचं मोठं टेबल घरात पडूनच होतं, ते मागे ओढलं, पायांना चारी बाजूंनी जाळी मारली, जुन्या चादरीचा पडदा लावला, झालं खुराडं. ह्यांना आवडलं असतं. दुकानात आलेला प्रत्येक कपडा आम्ही रंगीत दोऱ्याने खूण करून ठेवायचो, तेव्हा कोंबड्यांच्या पायांतही दोरे बांधले. पांढरा दोरा ती नर्सबाई, कारण सगळीकडे तुरुतुरु फिरून कुणाला काय झालंय ते बघते. हिरवा ती मास्तरीण, कारण मान तिरकी करून एका डोळ्याने रोखून बघते आणि मला उगाचच काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. आणि लाल दोरा ती वकीलबाई. पहाटेपासून जी बाजू मांडायला लागते ती अंधार पडेपर्यंत. समोर कुणी नसलं तरी मांडते.

दिवसामागून दिवस गेले, अंडं नाही. दाणे खातात, माती उधळतात, मुळ्याची पानं कुरतडतात, अंड्याचं नाव काढत नाहीत. मी समजावलं, धमकावलं, मास्तरणीला इतरांसमोर बोलले. काही नाही. इकडे लेकाचा फोन यायला लागला की काय मग, कधी येऊ जेवायला? मी भिंतीशी उभी राहून कंडक्टरीणबाईंपुढे रडले एकदा. खोटं कशाला सांगू. म्हटलं, अंड्यापायी घर जाणार माझं.

आणि काय सांगू धाकटे, दुसऱ्याच दिवशी सकाळी अंडं! खुराड्याबाहेर वकीलबाईच्या कोपऱ्याशी मी गवताची गादी करून ठेवली होती, तिच्यावर मधोमध. आणि गरम! हातात धरवेना इतकं गरम. मी पायरीवर बसून ते गालाला लावलं. मग रोज एक, कधी दोन. नेहमी तिथेच, नेहमी गरम. वकीलबाईचा मान एकदम वाढला. तिला वेगळी वाटी, जास्तीचे दाणे, आणि बाकीच्या दोघींना मी सुनवायला लागले की बघा, शिका काही. तीही अशी ऐटीत चालायला लागली जणू खटला जिंकून आलीय.

ती अंडी मी रोज खात होते. दातांची गत तुला माहीत आहे, मी अंडं उकडूनच खाते, मऊ लागतं. ही जरा चिवट लागायची, बलकाची कड हिरवट असायची. मी सगळ्यांना सांगितलं, घरची अंडी आहेत, पाला खातात म्हणून बलक हिरवा, बाजारच्या अंड्याला हा रंग कुठला! कंडक्टर भाऊजींना दोन अंडी कौतुकाने भेट पाठवली. त्यांचा चेहरा जरा विचित्र झाला, पण घेतली. दुसऱ्या दिवशी गादीवरच्या अंड्यावर आधीच पेन्सिलीची फिकट खूण होती. (हो, अंड्यांवरही मी खूण करते. सवय.) मला वाटलं, काल खूण करून उचलायला विसरले असेन. वयाचं मनावर घेतलं मी त्या दिवशी.

मग लेकाला बोलावलं. तो आणि सून आले. ताटं मांडली. दुधीची भाजी, मुळ्याची कोशिंबीर, टोमॅटोचं सार, दुधीच्याच वड्या, आणि तव्यावर गरम पोळ्या. लेक एकेक घास खात होता आणि मला त्याच्या कपाळावरची आठी दिसत होती. कशी दिसणार नाही, तिच्यावर इस्त्री फिरवता येत नाही म्हणून जन्मभर झुरलेय मी. ती हळूहळू सुटत होती! मग तो म्हणाला, आई, भाजी जमलीय, अंड्यांचं काय? आजची मी मुद्दाम उचलली नव्हती. म्हटलं, जा, स्वतःच्या हाताने काढून आण. तो घेऊन आला. म्हणाला, अगं, खरंच ऊन आहेत! मी मान ताठ केली. तर तो म्हणतो, मग आता मस्त ऑम्लेट होऊन जाऊ दे.

सुनेने तवा ठेवला. लेकाने अंडं तव्याच्या कडेवर आपटलं. टक. काही सांडेना. परत आपटलं. कवच निघालं आणि एक पांढरंशुभ्र, गुळगुळीत, सोललेलं अंडं तव्यात पडून गोल गोल फिरायला लागलं. दुसरं फोडलं. तेही फिरायला लागलं. दोन अंडी तव्यात एकमेकांभोवती फिरतायत आणि आम्ही तिघं बघतोय. शेवटी लेक हळूच म्हणाला, आई, ही उकडलेली आहेत. धाकटे, माझ्या तोंडून काय निघावं? म्हटलं, वकीलबाईला दोन दिवस अंगात कणकण होती.

सून पदराने तोंड झाकून मागच्या दारी गेली. लेक तिच्या मागे, मी त्याच्या मागे. आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून काहीतरी पांढरं उडत आलं. पूर्वी चेंडू झेलणारा मुलगा तो, हात आपोआप वर गेले. पण हे अंडं कच्चं होतं. फुटलं ते थेट छातीवर, तो आल्या आल्या मी पाठच्या पायरीवर इस्त्री करून दिलेल्या पांढऱ्या शर्टावर. आणि मग, फुटून ओघळून झाल्यावर, पलीकडून भाऊजींचा दबका आवाज, 'बाई, ऑम्लेटचं ऐकलं मी. हे कच्चं आहे हं, जपून!'

मग सगळं उलगडलं. मी रडले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून भाऊजीच अंडी टाकत होते. गुडघे माझ्याहून वाईट, भिंत चढवत नाही, म्हणून पलीकडूनच फेकायचे. त्या पहिल्या पहाटे आधी कच्ची फेकली ती फुटली आणि मास्तरणीने खाऊन टाकली, म्हणून मग लगेच उकडून फेकायला लागले. आज तर लेक आलेला बघून ताजी उकडून टाकली होती. लेकाने त्यांना विचारलं, काका, पण का? भाऊजी म्हणाले, स्टॉप आल्याशिवाय प्रवाशाला उतरवायचं नसतं. आणि कंडक्टरीणबाई आतून म्हणाल्या, ते काही ऐकू नका, मी सांगते. तुमची आई गेली तर हे भांडतील कुणाशी? माझ्याशी! मी म्हटलं ह्यांना, हवी तेवढी अंडी घ्या, पण बाईंना जाऊ देऊ नका.

मी तोवर आत जाऊन पेटी काढली होती. हरले ते हरले. ठरल्याप्रमाणे अंडं परसातलं नव्हतं. पेटीत मी पहिली काय ठेवली तर ह्यांची जुनी इस्त्री. लेक आला, शर्टावर पिवळा डाग तसाच, ती इस्त्री उचलून परत फळीवर ठेवली. म्हणाला, कोंबडी तुझी नाही जमली, पण शेजार जमलाय. तो माझ्या चौथ्या मजल्यावर पिकत नाही. मग हसला. या वेळी ते हसणं लागलं नाही. पण लेकच तो, आठी परत आलीच. म्हणाला, दिवसाचं ठीक आहे, पण रात्री घरात तू एकटी, मध्ये भिंत. घरात कुणीतरी माणूस हवं. ते नसेल तर मला झोप लागायची नाही.

मी त्याला तिथल्या तिथे काय उत्तर दिलं ते सांगणारच आहे, पण बाई, आधी त्या डागाचं सांगते. अंड्याच्या डागावर गरम पाणी कधी टाकू नकोस, शिजून बसतो. गार पाण्यात भिजव, मग साबण. सुनेने भसकन गरम पाणी ओतलं. आता त्या शर्टाच्या खिशावर कायमचं ऑम्लेट आहे. तिला मी काही बोलले नाही, ती चांगली आहे.

असो. कागद संपत आला. तुझ्या नातवंडांना गालगुच्चे, जावयांना आणि सुनेला माझा निरोप. दाढ काढ. राहिलेल्या हाताचे आशीर्वाद आता घे.

तुझी,
परसात उभी असलेली थोरली

ता. क. : तुझी ती लोखंडी कढई अजून आहे का? दुधी फार होतो, इथली कढई पुरत नाही. तुझी घोंगडीही चांगली जाड आहे. आणि चालायच्या चपला. सहज विचारलं.

ता. क. दुसरा : मी लेकाला सांगितलं की घरात माणूस येतंय. धाकटी येतेय राहायला. ती कधीची मागे लागलीय, मीच थांब म्हणत होते. (तू मागे लागली नव्हतीस हे मला माहीत आहे. पण ती कपड्यांची ओळ लिहिलीस ना, ते मागे लागणंच झालं.) त्याने लगेच तुझ्या लेकाला फोन केला. तो म्हणाला, आई तयार असेल तर माझी ना नाही. मी मधेच ओरडून सांगितलं, तयार आहे! तेव्हा येत्या रविवारी माझा लेक गाडी घेऊन तुझ्याकडे येतोय. त्याच्यासमोर दचकू नकोस. पेटी दाराशी भरून ठेव आणि एवढा का उशीर केलास असं त्यालाच विचार. इथे भरपूर कपडे आहेत, वाळत घालायचे, बघायचे नाहीत. दुपारी बसायचं नाही, सांगून ठेवते.

ता. क. तिसरा : नर्सबाई न्हाणीघरामागे टोमॅटोच्या झाडाखाली खरीखुरी अंडी घालतेय, केव्हापासून कोण जाणे. वकीलबाईने आजवर एकही घातलेलं नाही, पण तिची वाटी काढून घेणं आता बरं दिसत नाही. भाऊजींचं फेकणं मात्र चालूच आहे. लेकाने त्यांच्याशी ठरवूनच टाकलंय, रोज सकाळी एक अंडं इकडे टाकायचं आणि मी 'आलं' म्हणून ओरडायचं. ओरडले नाही तर त्यांनी पुढच्या दाराने धावत यायचं. काल माझा झेल हुकला, अंडं पायरीवरून घरंगळलं, ते शोधण्याच्या नादात ओरडायचं राहिलं आणि ते बिचारे एका पायात चप्पल घालून आले. तेव्हा रविवारपर्यंत तेवढा झेल घ्यायचा सराव करून ये. चेंडू नसेल तर लिंबू घे.